पडणारच आहे, मग भरायचा कशाला?

लहान मुलांचे दात पाहणाऱ्या डॉक्टरांना एक वाक्य रोज ऐकावं लागतं. "दुधाचाच दात आहे ना डॉक्टर? पडणारच आहे, मग भरायचा कशाला?" विचारणारी कधी आई असते, कधी सोबत आलेली आजी, कधी फीचा आकडा ऐकून खुर्चीतून अर्धे उठलेले बाबा. या प्रश्नाला हसण्यात अर्थ नाही. जी वस्तू आपसूक गळून जाणार आहे तिच्यापायी पैसे, एक रजा आणि पोराचं रडणं खर्ची घालायचं, तर त्याचं कारण कुणीतरी नीट सांगायला हवं. गंमत अशी, की दंतवैद्यकातल्या जाणत्या मंडळींनीही हाच प्रश्न स्वतःला विचारला. त्यांना जे उत्तर सापडलं त्यात सुई कमी, मशीन कमी आणि विचार जास्त आहे.

आधी वेळापत्रक. दुधाचे दात वीस. सहाव्या महिन्याच्या आसपास खालचे दोन दिसू लागतात आणि तिसऱ्या वाढदिवसापर्यंत बहुतेक सगळे येऊन चुकलेले असतात. पडायला सुरुवात होते सहाव्या-सातव्या वर्षी, पटाशीच्या दातांपासून. पहिलीतलं पोर बोळकं दाखवत हसतं, गावाकडे दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर फेकला जातो, आणि घरच्यांचा समज होतो की हा कारभार वर्षा-दोन वर्षांत आटोपणार. दाढांचं तसं नाही. दुधाच्या आठ दाढा नवव्या ते बाराव्या वर्षांदरम्यान पडतात. बालवाडीतल्या चार वर्षांच्या मुलीची किडलेली दाढ तिला पाचवी-सहावीपर्यंत वापरायची असते.

शिवाय ती दाढ नुसती चावत नाही, जागाही राखते. तिच्या मुळांच्या मधोमध, हाडात, कायमची उपदाढ घडत असते. दुधाची दाढ अवेळी काढली की मागची दाढ पुढे सरकते आणि उपदाढेला वर यायला वाट उरत नाही. मग ती हिरडीत अडकते किंवा भलतीकडून डोकावते. तेराव्या-चौदाव्या वर्षी तारा लावायला आलेल्या मुलांपैकी काहींची गोष्ट अशी पाचव्या वर्षी उपटलेल्या दाढेपाशी सुरू झालेली असते. दाढ काढावीच लागली, तर रिकाम्या जागेत तारेची छोटी कडी बसवून मागच्या दाढेला थोपवतात. आणि किडकी दाढ तशीच ठेवली, मुळाशी पू साठत राहिला, तर खालच्या कायमच्या दाताचं आवरण घडतानाच बिघडतं. असा खडबडीत, पिवळट-तपकिरी डाग घेऊन आलेला दात दंतवैद्यकात 'टर्नरचा दात' म्हणून शंभराहून अधिक वर्षं ओळखला जातो.

आणखी एक घोटाळा घरोघरी होतो. सहाव्या वर्षी, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, एकही दात न पडता एक नवी दाढ येते. ही कायमची. काही पडलं नाही म्हणून काही नवं आलं हे कुणाच्या लक्षात येत नाही. तिलाही दुधाची समजून सोडून दिलं जातं आणि आठव्या-नवव्या वर्षी तिच्यात खड्डा घेऊन मूल दवाखान्यात येतं. "हिला दुसरी येणार नाही, ताई," हे डॉक्टरांनी सांगितलं की आईचा चेहरा उतरतो. पडायच्या दाढेसाठी वाद घालणारी तीच माणसं इथे गप्प होतात.

दुधाचा दात किडतो फार झपाट्याने. त्याचं वरचं कवच, इनॅमल, कायमच्या दाताच्या साधारण निम्म्या जाडीचं. आतली नस मात्र दाताच्या आकाराच्या मानाने मोठी आणि तिची टोकं वरपर्यंत आलेली. त्यामुळे बाहेरून काळा ठिपका दिसतो तेव्हा आत बरंच पोखरलेलं असू शकतं. तान्ह्या मुलांत वरचे पुढचे चार दात आधी जातात, खालचे बहुधा शाबूत राहतात. बाटली तोंडात ठेवून झोपलेल्या बाळाची जीभ खालच्या दातांवर पांघरलेली असते, लाळेच्या ग्रंथींची तोंडंही तिथेच उघडतात. वरच्या दातांना हे संरक्षण नाही आणि झोपेत लाळ कमी होते. रात्रभर साखरेचं दूध त्यांच्याभोवती साचून राहतं.

साखर तोंडात गेली की जिवाणू काही मिनिटांत आम्ल तयार करतात आणि लाळेला ते निवळायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो, हे रॉबर्ट स्टीफन या अमेरिकन संशोधकाने १९४० च्या दशकात मोजून दाखवलं. त्यामुळे साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली हे महत्त्वाचं ठरतं. याचा सर्वांत ठळक पुरावा स्वीडनमधल्या व्हिपेहोल्मचा. तिथल्या मतिमंदांच्या संस्थेत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत रहिवाशांना मुद्दाम चिकट टॉफ्या, जेवणांच्या मधल्या वेळी, खायला घालून त्यांचे दात किडू दिले गेले. संमती विचारायचा प्रश्नच कुणाला पडला नाही. आज जगभरचे दंतवैद्य पालकांना 'गोड द्यायचं तर जेवणाबरोबर द्या' असं सांगतात, त्यामागे त्या माणसांचे सडलेले दात आहेत. आपल्याकडे टॉफीची जागा बिस्किटाने घेतली आहे. सकाळी चहात बुडवून, शाळेच्या डब्यात, रडलं की हातात, एसटीत बसलं की पुडा. चॉकलेटवर डोळे वटारणारे आजी-आजोबा बिस्किटाला खाऊ मानतच नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगात ५१ कोटींहून अधिक मुलांच्या दुधाच्या दातांत उपचार न झालेली कीड आहे. आपल्या देशात २००२-०३ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी निम्म्यांच्या आसपास मुलांचे दात किडलेले आढळले होते. एवढ्या मुलांना खुर्चीत बसवून, इंजेक्शन देऊन, मशीनने कोरून सिमेंट भरणं कुठल्याच देशाला जमलेलं नाही.

तरीही बराच काळ शिकवलं गेलं ते हेच. कीड म्हणजे कुजका भाग. तो शेवटच्या कणापर्यंत कोरून काढायचा आणि खड्ड्यात चांदी किंवा सिमेंट भरायचं. मोठ्या माणसाच्या दातात ही रीत चालून जाते. चार वर्षांच्या मुलाच्या तोंडात हात घालायला जागा नाही, लाळ थांबत नाही, मूल स्थिर बसत नाही. त्यातून दोन दाढांच्या फटीतली कीड असली तर भरलेलं सिमेंट टिकणं कठीण. वर्षा-दीड वर्षात निघतं आणि पुन्हा तेच इंजेक्शन. कीड नसेपर्यंत गेली असेल तर वरची नस काढून मुळांतली जिवंत ठेवतात, किंवा मुळांसकट साफ करून औषध भरतात. लोक त्याला मुलांचं रूट कॅनल म्हणतात. मोठ्यांच्या दातात भरतात ती न विरघळणारी रबरासारखी कांडी इथे चालत नाही. खालचा दात वर येताना दुधाच्या दाताची मुळं विरघळत जातात, त्यांच्याबरोबर औषधही विरघळायला हवं. उपचार करतानाच त्याच्या विसर्जनाची तजवीज करायची, असा हा दंतवैद्यकातला एकमेव कोपरा असावा.

अशा दाढेवर मग स्टीलची तयार कॅप बसते. विल्यम हम्फ्री यांनी १९५० मध्ये ती मुलांच्या दाढांसाठी वापरात आणली. दिसायला ओबडधोबड, पण टिकायला पक्की. जुन्या रीतीत तीही दाढ चारी बाजूंनी घासून, इंजेक्शन देऊनच बसवत.

आता नॉर्ना हॉल यांच्याकडे वळू. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन शहरात त्या साध्या दातांच्या डॉक्टर होत्या. विद्यापीठातल्या प्राध्यापक नव्हेत. येणाऱ्या मुलांचे दात भरपूर किडलेले आणि इंजेक्शनला पोरं तयार नसत. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी एक पाठ्यपुस्तकाबाहेरची गोष्ट सुरू केली. ना इंजेक्शन, ना मशीन. कीड कोरायचीच नाही. योग्य मापाची स्टीलची कॅप निवडायची, तिच्यात सिमेंट भरायचं, दाढेवर टेकवायची आणि मुलाला सांगायचं, "चाव." मुलाच्या स्वतःच्या चावण्याच्या जोराने कॅप खाली बसते. काम काही मिनिटांत संपतं.

शिकलेल्या दंतवैद्याला हे ऐकून घाम फुटतो. आत कीड ठेवून वर झाकण? तर हो. आतल्या जिवाणूंना जगायला तोंडातून येणारी साखर लागते. कॅप घट्ट बसली की रसद तुटते. उपाशी जिवाणू आम्ल बनवणं थांबवतात, कीड जागच्या जागी थबकते आणि आतली नस आपल्या बाजूने नवा थर रचून स्वतःला वाचवते. दाढेला काढायचं तरी काय आहे, आणखी पाच-सहा वर्षं. तेवढं ती काढते.

हॉल यांनी नोंदी चोख ठेवल्या होत्या. डंडी विद्यापीठातल्या निकोला इनेस आणि डॅफिड इव्हान्स यांनी त्या तपासल्या: २५९ मुलांच्या तोंडात बसवलेल्या ९७८ कॅप. निष्कर्ष २००६ मध्ये छापून आले आणि पद्धतीला हॉल यांचंच नाव मिळालं. नोंदी तपासणं वेगळं आणि चाचणी घेणं वेगळं, म्हणून मग टेसाइड भागातल्या १७ डॉक्टरांकडे १३२ मुलांवर रीतसर चाचणी झाली. प्रत्येक मुलाच्या एका दाढेवर हॉलची कॅप, दुसऱ्या बाजूच्या तशाच दाढेवर डॉक्टरांचा नेहमीचा उपचार. कुठली बाजू, ते चिठ्ठी टाकल्याप्रमाणे. बहुतेक मुलांनी, पालकांनी आणि डॉक्टरांनीही हॉलची बाजू पसंत केली. पाच वर्षांनंतरचे आकडे आले तेव्हा वाद जवळपास मिटला: नेहमीच्या उपचाराच्या बाजूला १६.५ टक्के दाढांत पू होणं किंवा दाढ काढावी लागणं असा मोठा बिघाड झाला होता, कॅपच्या बाजूला ३ टक्के. सिमेंट निघणं, नवी कीड लागणं असे किरकोळ बिघाड एकीकडे ४२ टक्के, दुसरीकडे ५.

पद्धत दिसते तितकी सोपी नाही. दोन दाढांत फट नसली तर आधी काही दिवस रबराची छोटी कडी अडकवून ठेवतात, कॅपला जागा व्हावी म्हणून. मुलाला उताणं न झोपवता बसतं ठेवतात आणि घशात कॅप निसटू नये म्हणून आड कापड धरतात. बसवल्यावर पहिले काही दिवस त्या बाजूचे दात उंच वाटतात, बाकीचे जुळत नाहीत. मूल कुरकुरतं, आई घाबरून फोन करते. काही आठवड्यांत चावा आपोआप जुळून येतो. आणि ही कॅप सरसकट चालत नाही: रात्री ठणका लागून मूल उठत असेल, हिरडीवर पुळी आली असेल, दाढ हलत असेल, तर नस गेलेली आहे. तिथे नसेचा उपचार हवा किंवा दाढ काढणं. हे नीट न पाहता कॅप ठोकून देणारे डॉक्टर असतात, आणि साधी कॅप पुरली असती तिथे रूट कॅनल सुचवणारेही. दुसऱ्यांची संख्या मला जास्त वाटते, कारण पाच मिनिटांच्या कामाला मोठी फी मागायला जीभ रेटत नाही.

स्टीलचा रंग हा आपल्याकडचा मोठा अडथळा. "मुलगी आहे हो, चांदीचा दात दिसेल," असं म्हणणाऱ्या आयांना डॉक्टर सांगतात की दाढ मागे आहे, हसताना दिसत नाही. पोरांना मात्र सहसा काही वाटत नाही. वर्गात तोंड उघडून सुपरहिरोचा दात दाखवणं चालतं.

रंगाचाच प्रश्न दुसऱ्या एका उपायाला जास्त छळतो. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे पाण्यासारखं औषध जपानमध्ये १९७० पासून वापरात आहे. कापसाने दात कोरडा करायचा, बारीक ब्रशने थेंब लावायचा, मिनिटभर थांबायचं. चांदी जिवाणू मारते, फ्लोराइड मऊ झालेला दात टणक करतो. सुई नाही, आवाज नाही, दुखणं नाही. काही महिन्यांनी पुन्हा लावायचं. एकच अट: किडलेला भाग कोळशासारखा काळा होतो आणि काळाच राहतो. जपानमध्ये एके काळी लग्न झालेल्या बायका हौसेने दात काळे करत. आपल्याकडेही हिरडा आणि हिराकस घातलेलं दातवण लावून काळ्याभोर दातांनी हसणाऱ्या पणज्या होत्या. आज तीन वर्षांच्या मुलाचे पुढचे चार दात काळे करून द्यायचे म्हटलं की घरात बैठक बसते. वाढदिवसाचे फोटो, मुंजीचे फोटो, शाळेचा प्रवेश. पर्याय असतो तो संपूर्ण भूल देऊन एकाच दिवशी सगळे दात करून घेण्याचा. त्याला मोठं रुग्णालय, भूलतज्ज्ञ आणि बराच पैसा लागतो. तीन वर्षांच्या मुलाला भूल द्यायची की दोन-तीन वर्षं काळे दात चालवून घ्यायचे? मला विचाराल तर काळे दात. पण फोटो माझ्या घरी लागायचे नाहीत, हेही खरं.

तिसरी वाट आफ्रिकेतून आली. १९८० च्या दशकात टांझानियात काम करताना यो फ्रेन्केन या डच दंतवैद्यापुढे वीज नसलेली खेडी होती. त्यांनी मशीन सोडून दिलं. हाताच्या धारदार अवजाराने मऊ कीड खरवडायची आणि ग्लास आयोनोमर सिमेंट बोटाने दाबून भरायचं. लंडनमध्ये अ‍ॅलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी शोधलेलं हे सिमेंट १९७२ मध्ये जगापुढे आलं होतं. ते दाताला रासायनिकरीत्या चिकटतं आणि त्यातून फ्लोराइड झिरपत राहतं. शाळेच्या बाकावर मुलाला आडवं करून करता येईल असा हा उपचार. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हे सिमेंट, ते काळं करणारं औषध आणि फ्लोराइडची टूथपेस्ट या तिन्ही गोष्टी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतल्या.

हे वाचून आपल्या अंगणवाड्या डोळ्यांपुढे येतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला झाली, महाराष्ट्रातच. फिरतं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत, एकदा शाळेत जातं. मुलं तपासायच्या यादीत किडलेले दातही आहेत. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता. दंतवैद्य नाही. ते कीड पाहतात, कार्डावर लिहितात आणि रुग्णालयात पाठवतात. पुढचं सगळं आईवर: एक दिवसाची मजुरी बुडवायची, जीप किंवा एसटी, रुग्णालयात दातांचे डॉक्टर त्या दिवशी असले तर रांग. दात दुखत नसेल तर कोण जातं? आणि दुखू लागला की तो भरण्यापलीकडे गेलेला असतो. दात दुरुस्त करणं हे कायद्याप्रमाणे नोंदणीकृत दंतवैद्याचं काम, म्हणून पथकातले डॉक्टर त्या काळं करणाऱ्या औषधाचा थेंबही लावू शकत नाहीत. राज्यातल्या दंतमहाविद्यालयांतून दरवर्षी दंतवैद्य बाहेर पडतात, त्यातले बरेच शहरात दुसऱ्याच्या दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर उमेदवारी करतात. त्यांच्यातला एकेक या फिरत्या पथकाच्या गाडीत बसवायला काय हरकत आहे, हे मला कळलेलं नाही.

दुरुस्तीच्या या सगळ्या कौतुकाला एका ब्रिटिश चाचणीने लगाम घातला. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधल्या तीन ते सात वर्षांच्या ११४४ मुलांचे तीन गट केले: एकाला जुन्या रीतीने कोरून भरणं, दुसऱ्याला हॉलसारखं कीड बंद करणं, तिसऱ्याला दुरुस्तीच नाही, फक्त ब्रश, फ्लोराइड आणि खाण्याचा सल्ला. निकाल २०२० मध्ये आले. जवळपास तीन वर्षांत तिन्ही गटांतल्या दहापैकी चारेक मुलांना दातदुखी किंवा पू झालाच; गटागटांत ठोस फरक दिसला नाही. ज्यांना दुरुस्ती नको होती त्यांना हा निकाल गोड लागला. मला तो उलटा वाटतो: कीड खोल गेल्यावर मुलाला दुखण्यापासून वाचवण्याची खात्री कुठलीच पद्धत देत नाही.

स्कॉटलंडने दुसरं टोकही धरलं होतं, कीड लागूच न देण्याचं. 'चाइल्डस्माइल' या सरकारी कार्यक्रमात बालवाड्यांतून रोज, बाईंच्या देखरेखीखाली, प्रत्येक मूल आपापल्या ब्रशने दात घासतं. थुंकायचं, चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहतो. शाळेत नव्याने दाखल होणाऱ्या मुलांपैकी दिसण्याजोगी कीड नसलेली मुलं २००३ मध्ये ४५ टक्के होती, २०२० मध्ये ७३ टक्क्यांच्या पुढे गेली. आपल्याकडे पाण्यात फ्लोराइड मिसळण्याचा मार्ग नाहीच. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत तो जमिनीतूनच जास्त येतो, दात तपकिरी होतात, हाडं वाकतात, आणि तो पाण्यातून काढायची नळगोंडा पद्धत नागपूरच्या 'नीरी'नेच तयार केली. राहते टूथपेस्ट. इथेही दुकानात रंगीत चित्रांच्या 'मुलांच्या' पेस्टवर फ्लोराइड अनेकदा कमी किंवा शून्य असतो. आपल्या कायद्याने १००० पीपीएमपर्यंतची परवानगी आहे. तीन वर्षांखालच्या मुलाला त्या पेस्टचा तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका पुरतो, पुढे वाटाण्याएवढा. आणि ब्रश सातव्या-आठव्या वर्षापर्यंत मोठ्यांनी धरायचा.

बाकी उरते ती भीती. पूर्वी रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात दाबून त्याला गप्प करण्याची रीत पाठ्यपुस्तकांत होती. अमेरिकेतल्या बालदंतवैद्यांच्या संस्थेने ती २००६ मध्ये आपल्या मार्गदर्शनातून काढून टाकली. आता शिकवतात ते 'सांगा, दाखवा, मग करा'. पाण्याची पिचकारी आधी बोटावर उडवायची. "दाताला जोजो करायचंय" म्हणायचं, सुई हा शब्द टाळायचा. आणि नेमक्या त्याच क्षणी मागून आजी म्हणते, "गप बस, नाहीतर डॉक्टर मोठं इंजेक्शन टोचतील हं!" अर्ध्या तासाची मेहनत वाया जाते. अनेक दवाखान्यांत म्हणूनच एकाच माणसाला आत घेतात आणि ते माणूस शक्यतो कमी बोलणारं असावं असं बघतात.

कॅप बसवलेली दाढ दहाव्या-अकराव्या वर्षी, खालची उपदाढ वर आली की, कॅपसकट पडते. डॉक्टरच्या दृष्टीने हाच तो दिवस ज्यासाठी सगळं केलं. तरी एखादे बाबा ती कॅप कागदाच्या पुडीत बांधून घेऊन येतात आणि टेबलावर ठेवतात. "डॉक्टर, निघाली बघा. पक्की आहे म्हणाला होतात." डॉक्टर ती उलटी करून दाखवतात, आत अख्खा दात, मुळं विरघळून गेलेली. बाबा वाकून बघतात, मान डोलावतात आणि विचारतात, "मग परत बसवायचे किती घ्याल?"